निंदणाची मजुरी आणि पॅरिसचा पाव

शाळेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा मला आधी आठवला तो नववीच्या वर्गातला फळा. डाव्या कोपऱ्याला चीर गेलेला, पावसाळ्यात ओल धरणारा. त्या फळ्यावर इतिहासाच्या सरांनी एकदा आमच्या गावाचा हिशोब मांडला होता. माझ्यासाठी शाळा म्हणजे तो एक तास.

आमचं गाव वरोरा-चिमूर रस्त्याच्या आतलं. जुलैचा मध्य होता, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वीतभर झालेली, वावरावावरांत निंदण, म्हणजे तण काढणं, सुरू. अर्ध्या पोरी वर्गात नव्हत्या, मायबरोबर निंदायला गेलेल्या. धडा फ्रेंच राज्यक्रांतीचा. आम्हाला वाटलं, आता सनावळ्या पाठ करायच्या. सर म्हणाले, "उद्या येताना दोन गोष्टी विचारून या. बाजारात जवारीचा भाव काय, अन् तुमच्या घरच्यांना रोजी किती मिळते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला पॅरिस, १७८९. तिथला गरीब पावावर जगायचा. आदल्या वर्षी जुलैत मोठी गारपीट झाली, पीक झोपलं, त्यात कडक हिवाळा. चार पौंडांचा पाव एरवी आठ-नऊ सूला मिळायचा, तो साडेचौदा सूवर गेला. सू म्हणजे त्यांचं नाणं. वीस-पंचवीस सू मिळवणाऱ्या मजुराची निम्म्याहून जास्त रोजी एका पावात संपायची. वर खोलीभाडं, सरपण. आणि कराचं ओझं कोणावर? सरदार नि धर्मगुरू यांना सवलती, बाकीच्यांच्या पाठीवर पोती. गारपीट म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या बाजूला आमचं गाव. मी उभी राहून सांगितलं, "बाबाला सात रुपये, मायला चार." सरांनी दोन्ही आकडे लिहिले नि थांबले. जवारी दोन रुपये किलो. मायच्या दिवसभराच्या वाकण्याची किंमत दोन किलो जवारी. तोवर मी तसा विचारच केला नव्हता. माझ्या मागच्या बाकावर ज्यांच्या वावरात माय निंदायला जायची त्यांचा मुलगा बसायचा. सरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आजही मला सरांच्या शिकवण्यातली ती गोष्ट सर्वांत मोठी वाटते. हिशोब मांडला, पण वर्गातल्या एकाही पोराची मान खाली जाऊ दिली नाही.

मीच विचारलं, "सर, उन्हाळ्यात रोजगार हमीच्या रस्त्यावर माय नि बाबा सारखीच खडी फोडतात, तिथं दोघांना दर एकच. मग वावरात का नाही?" सर म्हणाले, कायदा १९७६ चाच आहे, बाई-माणसाला समान कामाला समान वेतन. मग खडू ठेवून ते बायांची गोष्ट सांगू लागले.

१४ जुलैला लोकांनी पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग पाडला तेव्हा आत सातच कैदी होते. पण ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या बाया पाव मागत भर पावसात वीसेक किलोमीटर चालत व्हर्सायला, राजाच्या महालाकडे, गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला, राणीला, त्यांच्या पोराला पॅरिसला घेऊन आल्या. वाटेत म्हणत होत्या, पाववाला आणला, पाववाली आणली, पाववाल्याचं पोर आणलं! माझ्या मते १४ जुलैपेक्षा ही तारीख मोठी. तरी क्रांतीने काढलेल्या माणसाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात बायांना जागा मिळाली नाही. ऑलिंप द गूज या बाईने १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला, आणि दोन वर्षांनी क्रांतीच्याच राज्यात तिचं डोकं उडवलं गेलं. फ्रान्सच्या बायांनी पहिलं मत टाकलं ते १९४५ साली. सात वर्षांनी, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, माझ्या निरक्षर आजीने चिन्ह पाहून पेटीत चिठ्ठी टाकली. हे कळलं तेव्हा घरी जाऊन मी आजीकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं.

स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द फळ्यावर आले तेव्हा आमच्या वर्गातला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या आजोबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, बाबासाहेबांकडून दीक्षा घेतली होती. तो म्हणाला, "सर, हे तर आमच्या विहारात सांगतात." सर खूश झाले. बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवर सांगितलं होतं, ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीतून नाही, माझ्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली. एवढं सांगून सरांनी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं आणि ते तीन शब्द त्याच्या हाताने पुन्हा लिहून घेतले.

१६ ऑगस्टला सरांनी आम्हाला बैलबंडीतून चिमूरला नेलं. १९४२ च्या चले जाव चळवळीत याच दिवशी, नागपंचमीला, तिथे गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला, लोक पेटले, अधिकारी मारले गेले. नंतर लष्कर आलं. बायांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी गांधीजींचे अनुयायी भन्साळी यांनी ६३ दिवस उपास केला. परतताना बंडीत कोणी बोललं नाही.

आता राहिलेली गोष्ट. त्याच श्रावणात आमच्या वस्तीतल्या बाया तीन दिवस निंदायला गेल्या नाहीत. चौथ्या दिवशी चाराचे पाच रुपये झाले. सात नाही, पाचच. फळ्यावरचा हिशोब मी घरी सांगितला होता, म्हणून मला वाटायचं की ते त्यामुळेच घडलं. पुढे कितीतरी वर्षांनी मायला विचारलं. ती म्हणाली, "मले काय मालूम तुया तो राजा कोन होता! तण गुडघ्याएवढं झालं होतं, म्हनून त्याईनं आयकलं. पन तिसऱ्या दिवशी दोघी-तिघी जाऊ म्हनत होत्या, तवा मी म्हनलं, रोडावर सारखं भेटते, इथं काऊन नाही?"

ती वही अजून माझ्याकडे आहे. एका पानावर सू नि रुपये शेजारी शेजारी, खाली सरांची लाल शाईतली सही. मायच्या चार रुपयांभोवती त्यांनी गोल केलाय.