निव्वळ वजन शून्य

डिचोलीजवळच्या एका वजनकाट्यावरून सकाळीच फोन आला. खडी भरलेला टिप्पर काट्यावर आला तेव्हा पडद्यावर वजन बरोबर दिसले होते. मात्र खडी उतरवून तो परतल्यावर निघालेल्या पावतीवर भरलेले वजन 9,640 किलो, रिकामे वजन 9,640 किलो आणि निव्वळ वजन शून्य असे छापले गेले आणि पावती बाहेर पडताच प्रोग्राम बंद पडला. "मॅडम, खडी गेली कुठे?" असे काट्यावरचा माणूस विचारत होता, आणि मागे वाहनांची रांग लागलेली असल्यामुळे तो थट्टा करत नव्हता. पावत्या हाताने लिहायला सांगून मी पर्वरीच्या कार्यालयात कोड उघडला.

आमच्या एका सहकाऱ्याने काट्याचे आकडे साठवणारा क्लास (ज्यावरून ऑब्जेक्ट बनतात तो आराखडा) नुकताच बदलला होता. पूर्वी हे आकडे व्हेक्टरमध्ये, म्हणजे आपली मेमरी स्वतःच सांभाळणाऱ्या यादीत, असत. नव्या यंत्राच्या लायब्ररीला साधा अ‍ॅरे लागतो म्हणून त्याने तिथे पॉइंटर, म्हणजे मेमरीतला नुसता पत्ता, ठेवला, ‘न्यू’ वापरून मेमरी घेतली आणि डिस्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, ती सोडली. एका ऑब्जेक्टवरून त्याची नवी प्रत घडवणारा कॉपी कन्स्ट्रक्टर आपण लिहिला नाही, तर सी प्लस प्लसचा कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) स्वतःच एक पुरवतो आणि तो एकेका सदस्याची प्रत काढतो. सदस्य व्हेक्टर होता तोवर त्याचा स्वतःचा कॉपी कन्स्ट्रक्टर नवी मेमरी घेऊन सगळे आकडे उतरवून घेत असे. पॉइंटर आल्यावर फक्त पत्ता उतरू लागला. डिस्ट्रक्टर लिहिलेल्या क्लासला अशी आयती प्रत देणे 2011 च्या मानकाने कालबाह्य ठरवले, पण बंद केले नाही, त्यामुळे कंपायलरने निमूटपणे कोड स्वीकारला.

पावती छापणारे फंक्शन ऑब्जेक्ट रेफरन्सने, म्हणजे मूळ ऑब्जेक्टच, न घेता प्रत म्हणून घेत होते. फंक्शन संपताच त्या प्रतीचा डिस्ट्रक्टर मेमरी सोडी, आणि नंतर मूळ नोंद पुसताना तीच मेमरी दुसऱ्यांदा सोडली जाई. मी कॉपी कन्स्ट्रक्टर लिहिला. त्याचा पॅरामीटर रेफरन्स का, असे शेजारच्या नव्या मुलीने विचारले. प्रश्न चांगला होता. ऑब्जेक्ट प्रत म्हणून पाठवायचा तर ती प्रत काढायला पुन्हा हाच कन्स्ट्रक्टर लागेल आणि त्याला अंत राहणार नाही, म्हणून कंपायलर तसे लिहूच देत नाही.

पावतीनंतर लगेच बंद पडणे थांबले, पण शून्य तसेच राहिले. भरलेल्या वजनाची नोंद गाडीच्या क्रमांकाखाली मॅपमध्ये, म्हणजे क्रमांकावरून नोंद शोधून देणाऱ्या कोशात, जाते, आणि चौकटी कंसाने लिहिताना मॅप आधी रिकामा ऑब्जेक्ट तयार करतो, मग बरोबरच्या चिन्हाने त्यात मूल्य भरतो. ऑब्जेक्ट आधीच अस्तित्वात असल्याने तिथे कॉपी कन्स्ट्रक्टर नव्हे, तर असाइनमेंट ऑपरेटर चालतो, आणि तो अजून कंपायलरने दिलेलाच होता, म्हणजे तोही फक्त पत्ताच उतरवी. रिकाम्या टिप्परचे आकडे त्याच सामायिक मेमरीत लिहिले जात आणि भरलेले वजन पुसून टाकत.

असाइनमेंट ऑपरेटर लिहून दोन्ही वजने वेगळी आल्याचे पाहिले, आणि मग ते सगळे काढून टाकले. व्हेक्टरचे ‘डेटा’ फंक्शन लायब्ररीला हवा तो साध्या अ‍ॅरेचा पत्ता देते. पॉइंटर मुळात ठेवायलाच नको होता. व्हेक्टर परत आला, कॉपी कन्स्ट्रक्टर, असाइनमेंट ऑपरेटर आणि डिस्ट्रक्टर तिन्ही गेले, आणि दुपारी काट्यावर नवी आवृत्ती चढवली.