कुंडीतल्या कोथिंबिरीला गांडूळखत की युरिया?

इंदूरच्या गच्चीवर कोथिंबीर, पुदिना, तुळस लावायची तर माझा कौल गांडूळखतालाच. माळव्याची काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. म्हणून दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू. पुढे 10 इंची कुंडीला तीन आठवड्यांनी मूठभर खत पुरे.

युरियात 46 टक्के नत्र. पानं झपाट्याने वाढतात खरी, पण वास फिका पडतो. चिमूटभर जास्त झाला की कडा करपतात. द्यायचाच तर लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम, तोही ओल्या मातीत.

गांडूळखत घरीच पेटीत करत असाल, तर गांडुळं मात्र उन्हाळ्यात जपा! 35 अंशांपुढे ती मरू लागतात. पेटी सावलीत, वर ओलं गोणपाट. लिंबाची सालं, लोणचं, तेलकट उरलंसुरलं अजिबात नको. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांच्या इंदूर पद्धतीचा, म्हणजे काडीकचरा आणि शेण रचून केलेला कंपोस्टचा ढीग आतून चांगलाच तापतो. तो निवल्यावरच त्यात गांडुळं सोडा.