ठणठणीत कोंबड्या, सहा मिलिमीटर

त्या शेडमधला एकही पक्षी आजारी नव्हता, म्हणूनच ही केस अजून डोक्यातून जात नाही.

पशुरोगनिदान प्रयोगशाळेत आमच्याकडे येतात ते बहुधा मेलेले पक्षी. हे नमुने मात्र पाहणीचे होते : तीस दिवसांच्या ब्रॉयलर बॅचमधले वीस स्वॅब, अवस्करातून, म्हणजे पक्ष्याची विष्ठा आणि मूत्र ज्या एकाच वाटेने बाहेर पडतं तिथून घेतलेले. मालक म्हणाले, "या बॅचला अँटिबायोटिकचा एक थेंब दिलेला नाही, मॅडम." मी मान हलवली. हे वाक्य आम्ही रोज ऐकतो.

स्वॅब मॅकॉन्की अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर फिरवले; तिच्यात सेफोटॅक्झिम हे अँटिबायोटिक घातलेलं होतं. आतड्यात राहणारा साधा ई. कोलाय जिवाणू त्यावर उगवतच नाही; उगवलाच तर गुलाबी दिसतो. सकाळी इनक्युबेटर उघडला, तर वीसपैकी सतरा प्लेट गुलाबी! सहकारी लगेच म्हणाला, "मीडियात औषध घालायला विसरलीस." प्लेटचा नंबर तळाला न लिहिता झाकणावर लिहिणारा माणूस हा. झाकणं बदलली की कुणाची प्लेट कुणाची, देव जाणे. पण त्याच मीडियावर आमचा संवेदनशील कंट्रोल जिवाणू अजिबात उगवला नव्हता. औषध होतं आणि ते काम करत होतं.

मग डिस्क, म्हणजे औषध मुरवलेल्या कागदाच्या चकत्या लावल्या. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंड या ठरलेल्या मापाइतकं गढूळ करायचं आणि मुलर-हिंटन अगारवर तीन दिशांनी पसरायचं. एवढं धड केलं नाही तर पुढची सगळी मापं खोटी. दुसऱ्या दिवशी सेफोटॅक्झिमचा झोन, म्हणजे डिस्कभोवतीचा जिवाणू न उगवलेला गोल, सहा मिलिमीटर. सहा म्हणजे डिस्कचाच व्यास; जिवाणू औषधाच्या कागदाला अगदी चिकटून उगवले होते. शेजारच्या डिस्कमध्ये क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड होतं, ते असं औषध तोडणारं एन्झाइम बंद पाडतं. तिचा झोन मात्र सेफोटॅक्झिमकडे कुलपाच्या भोकासारखा ओढला गेला होता. हा आकार दिसला की ईएसबीएल : सेफोटॅक्झिमला तोडून टाकणारं एन्झाइम. त्याचा जीन बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर असतो, त्यामुळे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातो. कोंबडीला याचा काडीचा त्रास नसतो. तिच्या आतड्यात हा जिवाणू मुकाट राहतो.

मी मालकांना खोटारडे ठरवून मोकळी झाले होते. पुन्हा जाऊन औषधांचं रजिस्टर पाहिलं, खाद्याच्या पोत्यांवरची लेबलं वाचली. काहीच सापडलं नाही. मग पुढच्या बॅचच्या खोक्यांत अंथरलेला कागद मागवला, त्यावर पिल्लांची पहिली विष्ठा असते. कागद खोक्यात किंवा गाडीतही खराब होतो, म्हणून खोकं उघडताक्षणी पिल्लांचेही स्वॅब घेतले. दोन्हींत तेच जिवाणू. या शेडमधला एक दाणाही अजून त्या पिल्लांच्या पोटात गेला नव्हता.

शरम वाटली ती याची, की मला हे माहीत होतं. स्वीडनमध्ये ब्रॉयलरना सेफॅलोस्पोरिन (सेफोटॅक्झिम याच गटातलं) देत नाहीत, तरी तिथे असे ई. कोलाय सापडले होते. वरच्या पिढीची, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे ब्रॉयलर होतात ती, आयात केलेली पिल्लंच ते सोबत घेऊन आली होती. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. तरीही समोर शेडचा मालक उभा राहिला की पहिला संशय त्याच्यावरच. पिल्लं जिथे उबवली जातात त्या हॅचरीकडे बघायचं कुणाला सुचत नाही, मलाही सुचायला दोन आठवडे लागले.

रिपोर्ट भरताना 'रोगनिदान' हा रकाना रिकामा सोडता येत नाही, सॉफ्टवेअर पुढेच जाऊ देत नाही. ज्याने ते बनवलं त्याला निरोगी कोंबडी ठाऊक नसावी. शेवटी 'निरोगी' असं टाइप केलं आणि खाली शेऱ्यात सगळं लिहिलं.

मालकांना फोन केला. "मग औषध काय देऊ?" त्यांचा पहिला प्रश्न.

"काही नाही. औषध दिलंत तर बाकीचे जिवाणू मरतील आणि हेच माजतील."

थोडं थांबून ते म्हणाले, "आणि पिल्लं दुसरीकडून घेतली तर?"

म्हटलं, आधी तिथला कागद पाठवा. तो काल आला. प्लेट इनक्युबेटरमध्ये आहेत, नंबर तळाला लिहिलेत.