मान हलली, मी पान उलटलं

पियानोच्या मैफलीत वादकाच्या डाव्या हाताला कुणीतरी स्टुलावर अंग चोरून बसलेलं असतं. पत्रिकेत नाव नाही, टाळ्यांत वाटा नाही. चुकलं तर मात्र सगळ्यांना दिसतं. मी दादरला पियानो शिकवते आणि वर्षातून दोन-तीनदा हे स्वरलिपीची पानं उलटायचं काम करते. टॅब्लेट आणि पायाखालचं पेडल आल्यापासून कामं कमी झालीत. पण काहींना अजून कागदच लागतो. दोन वर्षांपूर्वी युरोपातून आलेला एक वादक त्यातलाच.

पूर्वार्धात बाखच्या रचना, उत्तरार्धात संगीतकार निकोलाय कापुस्तिनच्या. बाखची काळजी नव्हती. कापुस्तिनची पानं मात्र आठवडाभर आधी मागवून घेतली आणि पाहिल्यावर पोटात गोळा आला. मुंग्यांचं वारूळ फुटावं तसे स्वर. डाव्या हाताची बेसची चाल एकीकडे, उजव्या हाताच्या ताना तिसरीकडेच, आणि जोर नको तिथे, दोन मात्रांच्या मधल्या फटीत. रेकॉर्डिंग लावून पानावर बोट फिरवत बसले.

आतल्या खोलीतून बाबा आले. चाळीस वर्षं तबला वाजवलाय त्यांनी. पियानोला ते ‘तुमची पेटी’ म्हणतात.

‘‘कोण गं हा? उपज बघ काय आहे!’’

‘‘बाबा, उपज नाही ही, आयत्या वेळी सुचलेलं नाही काही. लिहिलंय सगळं.’’

‘‘ही तानसुद्धा?’’

चष्मा लावून ते पानावर वाकले. वाचता काहीच येत नव्हतं, पण काळं किती आहे ते दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं तेव्हा टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले, आणि एका जागेवर थांबून म्हणाले, ‘‘कालही इथूनच सटकला होता हा. अगदी अस्साच!’’ आवाजात कौतुक होतं की फसवल्याची तक्रार, मला कळलं नाही.

कापुस्तिनची गंमत हीच आहे. जन्म १९३७चा, युक्रेनमधल्या गोर्लिव्का गावचा. मॉस्को कॉन्झर्वेटरीत गुरू कोण, तर अलेक्सांद्र गोल्डनवायझर, म्हणजे टॉलस्टॉयच्या घरी पियानो वाजवणारे, त्यांच्याशी बुद्धिबळ खेळणारे गृहस्थ. एवढ्या सोवळ्या घराण्यात तयार होऊन १९६१ साली बाहेर पडला आणि थेट ओलेग लुंडस्ट्रेमच्या जॅझ ऑर्केस्ट्रात जाऊन बसला. तिथं अकरा वर्षं. पुढे सोनाटाच वीस लिहिले, शिवाय कॉन्चेर्टो, प्रेल्यूड, फ्यूग. साचे सगळे जुने, बोली जॅझची. आणि तरी स्वतःला जॅझवाला म्हणवून घ्यायला तयार नव्हता. इम्प्रोव्हायझेशनमध्ये, म्हणजे उपजेत, मला रस नाही, माझी इम्प्रोव्हायझेशन्स मी लिहून काढतो आणि लिहिल्यामुळे ती सुधारतात, असं त्याचं म्हणणं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘‘रियाजात सगळेच सुधारतात. मैफलीत काय करतो ते सांग.’’ पुढे पुढे मैफलीत तो फारसा बसतच नसे, हे मी सांगितलं नाही.

तालमीच्या वेळी वादकाने एकच सूचना दिली : मी मान हलवली की उलट. बाखमध्ये छान जमलं. एक डुलकीएवढी मान, की माझा डावा हात वरच्या कोपऱ्याकडे. मध्यंतरानंतर ओपस ४०चे, म्हणजे चाळीस क्रमांकाच्या रचनेतले, आठही एट्यूड, बोटांची कसरत असलेले तुकडे, पार पडले. ते इतके धावरे आहेत की मान हलवायला त्याला फुरसतच नव्हती. मीच मोजून उलटत होते.

मग ओपस ४१, व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच धुनेची बदलती रूपं. सुरुवातीची धून स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेमधल्या त्या एकाकी बासूनची, फुंकून वाजवायच्या वाद्याची, आठवण करून देते, आणि बघता बघता स्विंग, जॅझचा तो डुलता ठेका, सुरू होतो. स्विंग सुरू झाला आणि त्याची मान सुरू झाली. प्रत्येक ठोक्याला! तालमीत हा माणूस काठीसारखा ताठ बसला होता. आता ही मान माझ्यासाठी की लयीसाठी? दोनदा हात पुढे नेऊन मागे घेतला. तिसऱ्यांदा मान जरा जास्तच खाली गेली, आणि मी उलटलं.

शेवटच्या ओळीतले मात्रांचे तीन बार अजून बाकी होते.

हात गार पडले. पान परत फिरवावं तर आणखी घोळ. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. डाव्या हाताने बेसची चाल तशीच ठेवली, उजवा हात क्षणभर उचलला, मग पानावर कुठेच नसलेलं काहीतरी वाजवलं, छोटंसं, थोडं तिरपं, आणि नव्या पानाच्या पहिल्या ठोक्यावर अचूक उतरला. पुढची सगळी पानं मी मानेकडे न बघता उलटली.

नंतर आत जाऊन माफी मागितली. तो टॉवेलने मान पुसत होता, त्याच मानेने ‘असू दे’ केलं आणि पाण्याची बाटली उघडली.

टॅक्सीत बाबा महालक्ष्मीपर्यंत गप्प होते. मला वाटलं, कंटाळले. मग गुडघ्यावर बोटं वाजवत म्हणाले, ‘‘मधे एकदा सटकून समेवर आला बघ, तू दचकलीस तेव्हा. ते आपल्या रेकॉर्डवर नव्हतं ना?’’

‘‘नव्हतं.’’

‘‘वाटलंच मला,’’ ते म्हणाले, आणि तो तुकडा पुन्हा गुडघ्यावर वाजवून बघायला लागले.