शेवटचे चाळीस फूट : आमची वाटचाल

ज्याला गाडी मागे घेता येत नाही त्याने इचलकरंजीत वाहतुकीच्या धंद्यात पडू नये. १९०४ मध्ये गावात पहिला यंत्रमाग आला, पुढे माग घराघरांत शिरले, पण जुन्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्याच राहिल्या. सुताची पोती हमाल पाठीवर नेतो. अख्खा माग शेडच्या दारात उतरवायचा तर ट्रक उलटाच आत घालावा लागतो. बंदरापासून गावापर्यंत माल आणणारे पुष्कळ आहेत. आमची ओळख आहे ती गल्लीच्या तोंडापासून पुढच्या चाळीस फुटांची.

१९९१ साली मी आणि मामांनी जुनी टाटा १२१० घेतली. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, लोकांच्या गाड्यांवर वीस वर्षं काढलेले. पैसे माझे, हात त्यांचे, नफा निम्मा-निम्मा. गाडीला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. "उभ्या गाडीचं चाक पिळू नको बाळा, टायर बी जातोय आणि खांदा बी," ही त्यांची पहिली शिकवण. गाडी मुंगीच्या पावलानं सरकती ठेवायची आणि मगच चाक फिरवायचं.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक अण्णा. चोवीस मागांचा कारखाना, फाटक दहा फूट, समोरची गल्ली वीस फूट. मागे घेताना गाडी मागच्या चाकांवर फिरते आणि तिचं नाक उलट दिशेला झाडू मारत जातं. वीस फुटांत ते नाक मावत नाही. मग समोरच्या घरातल्या आजी आपलं फाटक सताड उघडायच्या, मामा त्यांच्या तुळशीवृंदावनाला पोती गुंडाळायचे आणि गाडीचं नाक आजींच्या अंगणात शिरायचं. अण्णांचं फाटक उजव्या हाताला येईल अशाच बाजूने मामा गल्लीत घुसायचे, त्यासाठी अख्ख्या पेठेला वळसा पडला तरी चालेल. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. खिडकीतून मान काढली की मागचं आतलं चाक आणि फाटकाचा खांब एका नजरेत येतात. डावीकडे घ्यायची तर सगळा आंधळा कारभार. खाली मी शिट्टी घेऊन. दोन बारीक म्हणजे येऊ दे, एक लांब म्हणजे थांब. आरशात मी दिसेनासा झालो की मामा शिट्टीची वाट न बघता ब्रेक दाबायचे.

पुढची वर्षं बरी गेली, एकाच्या चार गाड्या झाल्या.

मग २००६ चा उन्हाळा. माग परदेशातून आलेला, जुना एअरजेट (हवेच्या झोताने धागा फेकणारा), वजन चार टनांच्या आसपास. आदल्या दिवशी जागा बघायला आमच्याकडचाच एक जण गेला होता. आमचा नियम असा, की गटारावरची फरशी पहारीने ठोकून बघायची; पोकळ वाजली तर चाकाखाली लोखंडी प्लेट टाकायची. वहीत त्याने लिहिलं, "गटार पक्कं." पहार त्याने गाडीतून काढलीच नव्हती, हे आमच्या क्लीनरने नंतर सांगितलं.

आठ फूट उरले होते. डावी जोडचाकं फरशीवर आली, काडकन आवाज झाला आणि गाडी कुशीवर कलली. एक साखळी कडीसकट उपटली, माग डाव्या फाळक्यावर जाऊन बसला. फाळका वाकला, भिंतीचा कोपरा गेला, मागाची फ्रेम चिरली. मी उजवीकडे उभा होतो म्हणून वाचलो. विमा कंपनी म्हणाली, फाटकाच्या आत झालेलं नुकसान वाहतुकीत बसत नाही. दोन गाड्या विकल्या आणि तीन वर्षं देणं फेडलं.

त्याच दिवाळीत वही लिहिणाऱ्याने स्वतःचा धंदा काढला, हायड्रा क्रेन घेतली आणि बाजारभर सांगत सुटला, "म्हाताऱ्याला आता दिसत नाही." कारखानदार एकेक करून तिकडे वळले. पैसे बुडाले ते मी विसरलो असतो. पण मामांनी गाडी सुतासारखी सरळ आणली होती, दोन्ही खांबांपासून वीतभर अंतर राखून, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या वहीचं पान माझ्याकडे आहे, अक्षरही त्याचंच आहे.

चार महिने मामांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. मग अण्णा ऑफिसात आले, चहाही न घेता म्हणाले, "मामा गाडीवर बसणार असतील तरच माझे माग आणायला जा." मामा बसले. आजींनी फाटक उघडलं. दोन दिवसांत सहा माग उतरले, खांबाचा रंगसुद्धा खरवडला नाही.

शेड बांधणाऱ्यांना सांगतो, फाटक बारा फुटांचं ठेवा आणि भिंतीचा कोपरा तिरका छाटून घ्या. गावात पाणी काही दिवसांआड येतं म्हणून जो तो फाटकाच्या आतच जमिनीखाली टाकी बांधतो. ती बाजूला घ्या. २०१८ मध्ये दोन ॲक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांपर्यंत वाढवायला सरकारने परवानगी दिली. गटारावरच्या फरश्या तेव्हा कोणी बदलल्या नाहीत. आणि तरुण ड्रायव्हरांनो, मागचा कॅमेरा जमीन दाखवतो, जमिनीखालचं दाखवत नाही, डोक्यावरची वायरही दाखवत नाही. खाली उतरून एकदा चालून या.

त्या अपघातानंतर आम्ही बारा एमएमच्या चार प्लेटा करून घेतल्या. चार फूट बाय दोन फूट, एकेक सत्तर किलोची, उचलायला दोन माणसं लागतात. दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री अकराला त्या वही लिहिणाऱ्याकडचा पोरगा आला. त्यांच्या गाडीचं चाक गटारात गेलं होतं, प्लेटा हव्या होत्या. मी चारही दिल्या. गल्लीत अडकलेली गाडी कोणाची का असेना, सकाळी शाळेची पोरं तिथूनच जाणार. सकाळी तीन परत आल्या. चौथीवर मामांचं नाव वेल्डिंगने काढलेलं आहे. दोनदा निरोप धाडला, अजून आलेली नाही.