आमची वाटचाल : सहाशे दहा टन तूर

2003 साली भागीदारीत, तुरीची साल काढणाऱ्या एका जुन्या एमरी रोलरवर सुरू झालेली लातूरची आमची डाळ मिल आज वर्षाला चार हजार टन तूर भरडू शकते. मधली बरीच वर्षे सुरळीत गेली. लिहायचे आहे ते 2023 विषयी.

त्या वर्षी 2 जूनला केंद्र सरकारने अत्यावश्यक वस्तू अधिनियम, 1955 खालील अधिकारांनुसार तूर आणि उडदावर साठामर्यादा घातली. मिलला मागील तीन महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या 25 टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी मुभा होती. आमच्यासाठी ती एक हजार टन होती. 25 सप्टेंबरला हेच प्रमाण एक महिना किंवा 10 टक्क्यांवर आणले गेले आणि आमच्या वाट्याला चारशे टन उरले. गोदामात सहाशे दहा टन तूर होती. भाव भडकले की सरकारने गोदामे तपासावीत, हे मला मान्य आहे. पण तूर बाजारात येते डिसेंबर ते मार्चमध्ये आणि त्या हंगामात घेतलेला माल तेल-पाणी देऊन, वाळवून वर्षभर भरडायचा असतो, त्याला साठेबाजी म्हटलेले मला आजही सहन होत नाही.

कागदावर क्षमता फुगवलेल्या शेजारच्या मिलला धक्काही लागला नाही. आमच्याकडे मात्र शेतकऱ्यांनी भरडून घेण्यासाठी ठेवलेली दीडशे टन तूरही तपासणी पथकाने आमचीच धरली. जादा माल घाईने विकावा लागला. पुढे उरलेला कच्चा माल संपल्यावर नवी तूर येईपर्यंत रोलर थांबले, पण बँकेचे व्याज आणि हमालांची मजुरी थांबली नाही.

त्या दिवसांत आमचे पहिल्या वर्षापासूनचे एक किराणा व्यापारी स्वतःहून आले. नेहमीप्रमाणे त्यांनी पोत्यात परखी खुपसून मूठभर डाळ काढली, तळहातावर पसरून तुकडा आणि टरफल पाहिले, आणि किरकोळ दुकानाला परवानगी असलेले पाच टन, म्हणजे पन्नास किलोची शंभर पोती, रोख पैसे मोजून उचलली. त्या पैशांतून हमालांची दिवाळी झाली.

नव्या मिलवाल्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे : शेतकऱ्याच्या तुरीची थप्पी वेगळी लावा, तिच्यावर त्याचे नाव, पोत्यांची संख्या आणि तारीख लिहिलेला पुठ्ठा टांगा, पावतीवर त्याची सही घ्या आणि साठा जाहीर करायच्या सरकारी पोर्टलवर आकडा भरण्यापूर्वी पोती स्वतः मोजा. आमच्या थप्प्यांवर तपासणीच्या दिवशी पुठ्ठे नव्हते.