अण्णा, शेवंता आणि आमची पोरं

रविवार

आज मागीलदारी रातांबे (कोकमाची फळं) फोडताना मालिकांवरून चांगलाच वाद झाला. विषय तसा रोजचाच. चार बायका जमल्या की कुणाला कुठली मालिका आवडते इथून सुरुवात होते आणि मुलांसमोर काय लावायचं, काय नाही, इथे येऊन गाडी अडते. आज डोंबिवलीची धाकटी जाऊ होती, शेजारची काकी आणि तिची नवी सून होती, पायरीवर आमच्या सासूबाई. या कामात हात आपोआप चालतात. फळ दाबून उघडायचं, साल एका टोपात, बिया आणि गर दुसऱ्यात. तोंड मोकळंच असतं.

सासूबाईंचं मन अजून 'आभाळमाया'त अडकलेलं आहे. 1999 साली ती अल्फा मराठीवर लागायची तेव्हा त्या लालबागच्या चाळीत होत्या. शेजारच्या खोलीत सगळ्या बायका जमायच्या, म्हणतात. "सुधा जोशी कशी ताठ रवली बग. रडली, पण वाकली नाय." काकीला 'चार दिवस सासूचे' एवढी वर्षं चालून संपली याचंच वाईट वाटतं. सुनेने 'होणार सून मी ह्या घरची'चं नाव घेतलं आणि लाजली, कारण ती बघत होती तेव्हा शाळेत होती. मी म्हटलं, माझी 'रात्रीस खेळ चाले'. तिथेच ठिणगी पडली.

जाऊ म्हणाली, "वहिनी, ती मालिका तुम्ही खुशाल बघा, पण माझ्या मुलासमोर लावू नका. आल्यापासून रात्री एकटा न्हाणीत जात नाही."

काकीने लगेच तोंड घातलं, "भूत खंय खाता गो पोराक? आमी काय भुतांच्या गजाली आयकल्याबिगर मोठी झालंव?"

जाऊचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही. आई आहे ती, रात्री मुलाला थोपटून झोपवायचं काम तिचं. पण या मालिकेबद्दल मला खरंच काहीतरी वाटतं, आणि ते तिथे रातांब्यांच्या राड्यात धड सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते.

2016 च्या फेब्रुवारीत ती झी मराठीवर सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा, नाईकांचं घर, अण्णांचा मृत्यू आणि त्यासाठी जमलेली मुलं-सुना. आमच्या जिल्ह्यातूनच तेव्हा विरोध झाला होता. कोकण म्हणजे करणी, भुतंखेतं, एवढंच जगाला दाखवता काय, असं लोक रागाने म्हणत होते, आणि त्या रागात तथ्य होतं. ज्या राज्यात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही डॉ. दाभोलकरांचा जीव गेल्यावर, तिथे रोज रात्री घराघरांत नारळ, लिंबू, अंगात येणं दिसत असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. मालिकेच्या आधी पाटी येते की आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही. पाटीने काय होतं? पाटी कोण वाचतं?

तरीही मी ती बघितली. तिन्ही भाग बघितले. एक कारण साधं आहे: आमची भाषा. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक गाजवलं त्याला किती वर्षं लोटली, पण टीव्हीवर मालवणी बोलणारा म्हटला की तो गडीमाणूस किंवा हसं करून घेणारा, असंच बघत आले होते. इथे जवळजवळ अख्खं घर मालवणी बोलत होतं. अण्णांच्या बायको माई मालवणीत रडत होत्या, मुलगा दत्ता मालवणीत भांडत होता. पुढे 2017 मध्ये 'गाव गाता गजाली' आली, तिच्यात तर भूतही नव्हतं, निव्वळ गजाली, म्हणजे गप्पा. माझा पुतण्या डोंबिवलीत वाढला, घरी एक शब्द मालवणी बोलत नाही. तो आता दिवसभर 'रात्रीस खेळ चाले'तल्या पांडूसारखं "इसरलंय" म्हणत फिरतो आणि आजीशी मोडकंतोडकं मालवणी बोलायला बघतो. सासूबाईंच्या चेहऱ्यावर ते ऐकताना जे येतं ते त्याच्या आईनेही बघितलंय.

भुताचं म्हणाल तर माझं मत काकीच्या जवळ जातं, पण तिच्या कारणासाठी नाही. भीती मलाही वाटायची. कार्तिकातल्या जत्रेत देवळासमोर दशावतार उभा राहायचा, आणि संकासुर आला की मी आईच्या पदरात तोंड लपवायची. काळा झगा, डोक्यापासून काळा, बाहेर लोंबणारी लांब लाल जीभ. आणि तोच संकासुर मालवणीतून अशी काही उलटसुलट उत्तरं द्यायचा की पाच मिनिटांत सगळी जत्रा हसायची, आणि पदराआडून मीही. मग मध्यरात्रीनंतर आख्यान, राक्षस, तलवारी, वध. पहाटेपर्यंत. एवढ्याएवढ्या पोरांना कुणी घरी ठेवत नव्हतं. त्याआधी दिवस मावळल्यावर आम्ही देवळाच्या बाजूला जाऊन त्यांना रंगताना बघायचो. आरसा पेटीला टेकवून एक जण चेहऱ्याला पिवळी मुरदाड लावतोय, दुसरा लुगडं नेसतोय, राक्षस व्हायचा तो चहा फुंकून पितोय. त्याने आमच्याकडे बघून डोळा मारला की रात्री तो कितीही गरजला तरी आत कुठेतरी धीर असायचा. भीती होती, पण ती कोण करतंय ते माहीत होतं, आणि बाजूला आई होती, आजी होती, सगळा गाव होता.

हे पोरगं मालिका बघतं ते एकटं. मोबाइलवर, पांघरुणात, कानात बोंडं घालून. साडेदहा वाजता लागणारी मालिका आता सकाळी साडेदहालाही बघता येते, तीही सलग. त्याच्या भीतीचं मूळ मला अण्णांच्या भुतात दिसत नाही, त्या पांघरुणात दिसतं.

मंगळवार

कालपासून पुतण्या आमच्याबरोबर बघतो. जाऊला मी म्हटलं, चार दिवस माझ्यावर सोड, मोबाइल नको, ओटीवरच्या टीव्हीवर लावू, दिवा चालू ठेवून, आणि सगळ्यांनी बसायचं. ती नाखुशीने हो म्हणाली आणि स्वतःही बसली.

दुसरा भाग लावला. 2019 चा, ज्यात अण्णा जिवंत आहेत. पहिल्या भागात भिंतीवरच्या फोटोत असलेला माणूस इथे वाड्यात फिरतो, आणि मला विचाराल तर भुतापेक्षा तोच भयंकर आहे. माधव अभ्यंकरांनी तो असा उभा केलाय की ओसरीवर त्यांचं पाऊल वाजलं की घरातल्यांबरोबर आपणही गप्प होतो. लोकांच्या जमिनी, लोकांच्या बायका, कुणाचा जीव, कशाचंच काही वाटत नाही.

अण्णा माईंवर ओरडले. माई नेहमीसारख्या गप्प. पुतण्या मांडी घालून बसला होता, त्याने आंब्याची कोय तोंडातून काढली आणि मला विचारलं, "काकू, माई घर सोडून का जात नाहीत?"

कुणी बोललं नाही. टीव्ही चालूच होता. मग सासूबाई म्हणाल्या, "जातली खंय बाबा? म्हायेराक भाऊ, भावजय. हातात पैसो नाय." तो म्हणाला, "मग पोलीस?" सासूबाई म्हणाल्या, "तेवा पोलिसांत कोण जाई?" आणि मग त्या आपल्या थोरल्या नणंदेबद्दल बोलत राहिल्या. मी या घरात इतकी वर्षं आहे, ती हकीकत मी पहिल्यांदा ऐकली. सगळी इथे लिहिणार नाही, ती त्यांची आहे. पुतण्या ऐकत होता. त्याच्या आईने त्याला आत पाठवलं नाही, हे मला फार आवडलं.

एक गोष्ट मात्र मला या मालिकेच्या चाहत्यांबद्दल सलते, आणि मी स्वतः चाहती आहे म्हणून जास्तच. अण्णा आणि त्यांची बाहेरची बाई शेवंता यांची जोडी लोकांनी डोक्यावर घेतली. अपूर्वा नेमळेकरची शेवंता होतीच तशी, ती साडी, तो गजरा, ती नजर. गणपतीत तिची नक्कल करणाऱ्या मुली बघितल्यात. पण अण्णांचा पुळका कशाला? लग्नात नवरामुलगा अण्णांसारखा हसून फोटो काढतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. मालिका तर स्पष्ट दाखवते की हा माणूस घर खाऊन टाकतो, आणि मेल्यावरही त्याचं केलेलं पुढच्यांना फेडावं लागतं. लहान मूल भुताला घाबरलं तर त्याला जवळ घेता येतं. त्याला अण्णा भारी वाटायला लागले तर काय करायचं? मला वाटतं, योग्य-अयोग्याचा प्रश्न इथे विचारायला हवा. आणि तो सोडवायला बाजूला माईंची बाजू सांगणारी आजी लागते.

हा दुसरा भाग संपल्यावर 2020 च्या ऑगस्टअखेर 'देवमाणूस' आली. साताऱ्याकडच्या खऱ्या खून प्रकरणावर बेतलेली, गावाला देव वाटणारा डॉक्टर. ती मी पोरांना दाखवणार नाही. तिथे भूतच नाही, म्हणजे मुलाला "हे खोटं असतं रे" असंही म्हणता येत नाही. तिच्यातल्या सरू आजीच्या तोंडच्या शिव्यांना मात्र काकी अजून हसते.

बुधवार

आज संध्याकाळी जाऊ स्वयंपाकघरात होती आणि ओटीवर तिचीच रोजची मालिका लागली होती. नाव लिहीत नाही. घरगुती, सगळ्यांनी मिळून बघायची म्हणतात तसली. सुनेच्या दुधात काहीतरी मिसळणं, दाराआडून ऐकणं, भर पंगतीत कानाखाली मारणं. तीच कानाखाली तीन कोनांतून तीनदा दाखवली, ढोल वाजवून. पुतण्या समोर जेवत होता, त्याने ताटावरून मानही वर केली नाही. त्याला ते इतकं सवयीचं आहे.

जाऊ दाराशी येऊन उभी होती. आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं.

सवतीचा विषय काय आजचा नाही. सुधा जोशींच्या वाट्याला तो आला, 2016 मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' आली ती रात्री आठ वाजता, जेवणाच्या वेळेला, त्याच विषयावर. ती कितीही ताणली तरी राधिकाने मसाल्यांचा धंदा उभा केला, म्हणून ती मला चालली. विषय मोठ्यांचा आहे म्हणून मालिका वाईट, असं मी म्हणत नाही. मारणारा जिंकल्यासारखा दाखवला, आणि मार खाणारीला आदर्श म्हटलं, की माझं डोकं फिरतं. आणि असलं किती वाजता दाखवतात, ते कुणाच्या नजरेत येत नाही. वाहिन्यांच्या स्वतःच्या संहितेप्रमाणे मोठ्यांसाठीचे कार्यक्रम रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात दाखवायचे. भूत साडेदहाला येतं तर केवढी चर्चा. साडेसातच्या कानाखालीला कुणी विचारत नाही.

जाऊ म्हणाली, पण यावर करायचं काय? टीव्हीखाली ती पट्टी सरकते ना, तक्रार असल्यास कळवा म्हणून, ती मी तिला दाखवली. मनोरंजन वाहिन्यांसाठी 2011 पासून तक्रार परिषद आहे, निवृत्त न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. केबल टेलिव्हिजनच्या 1994 च्या नियमांत सहावा नियम आहे. त्यात बाईची अवहेलना नको, अंधश्रद्धेला खतपाणी नको आणि मुलं सर्वांत जास्त बघत असतात त्या वेळी मुलांना न शोभणारं नको, असं चक्क लिहून ठेवलंय. आपण पट्टी बघतो आणि जाहिरात समजून सोडून देतो.

तक्रारीत वाहिनी, मालिका, तारीख, वेळ आणि काय खटकलं ते लागतं. मी वहीचं मागचं पान काढलं. भागाची वेळ लिहिली. लिहिलं की आठ वर्षांचा मुलगा जेवत असताना ही मारहाण दाखवली गेली आणि पुढच्या प्रसंगात मारणाऱ्या सासूचंच कौतुक झालं. या मालिकेवर बंदी आणा, असं लिहिलं नाही, मला बंदी नकोच आहे. वेळ बदला आणि ती कानाखाली पुन्हा पुन्हा दाखवू नका, एवढंच लिहिलं.

सासूबाईंनी वाचून घेतलं, "आनी लिव, आमी रोज बगतंव म्हणान सांगतंव." तेही घातलं. खाली माझं नाव लिहीत होते तर जाऊ ओल्या हाताने आली, हात पुसले आणि म्हणाली, "वहिनी, माझंही नाव घाला. डोंबिवलीचा पत्ता मी सांगते."